पायपेटीच्या मागे बसून ऐकलेला नाताळ

माझ्या सासूबाईंनी मला ह्यांच्याबरोबर कोकणात पाठवलं ते केवळ ह्यांच्या पोटाच्या काळजीने. आमच्या लग्नाला तेव्हा साडेतीन महिने झाले होते. गिरगावातल्या दोन खोल्यांत आम्ही सात माणसं राहायचो, त्यामुळे नवऱ्याशी माझं तोवर जेवढं बोलणं झालं होतं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. ह्यांना बाहेरचं खाणं सोसत नसे. आठ-दहा दिवस परगावी राहायचं म्हणजे कुणीतरी भात-आमटी करून घालायला हवं, म्हणून माझी नेमणूक झाली. मी साताऱ्याकडची. समुद्र चौपाटीवर पाहिला होता तेवढाच.

हे बाजाच्या पेट्या दुरुस्त करायच्या एका कारखान्यात कामाला होते. हातपेट्या सगळेच करत, पण पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारत दोन्ही हातांनी वाजवायचा मोठा ऑर्गन, ह्यांच्याइतका कुणाला कळत नसे. गोवा मुक्त व्हायच्या आधीच्या वर्षी, डिसेंबरात, कारखान्यात एक पत्र आलं. लिहिणारे होते पास्कू मास्तर, शिरोडा आणि रेडी यांच्या मधल्या एका वाडीतले निवृत्त शाळामास्तर. त्यांच्या छोट्या चर्चमधली पायपेटी तीन वर्षं मुकी होती. पूर्वी ती दुरुस्त करायला पलीकडून, गोव्यातून माणूस येई. पुढे सरहद्दीवरचा नाका बंद झाला आणि तो येईना. नाताळाच्या आत पेटी वाजायला हवी, असं मास्तरांनी लिहिलं होतं आणि ‘आत’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या.

भाऊच्या धक्क्यावरून बोट सकाळी सुटली. भाडं नेमकं आठवत नाही, पण डेकवरचं तिकीट आमच्यासारख्यांना परवडे. आता त्या बोटी नाहीत, तरी कुणी मोठ्या पाण्यातून जाणार असेल तर सांगते, जागा मधोमध धरा, इंजिनापासून लांब, आणि लिंबू जवळ ठेवा. आम्ही दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. हर्णैपर्यंत ह्यांचा चेहरा पिवळा पडला आणि पुढे वेंगुर्ल्यापर्यंत ते हत्यारांच्या पेटीला डोकं टेकून आडवेच होते. मला मात्र काहीही झालं नाही. सासूबाईंनी लेकासाठी दिलेले बेसनाचे लाडू मी एकटीने खाल्ले आणि दर बंदरावर उठून कठड्याशी गेले. बोट लांब उभी राही, किनाऱ्यावरून पडाव येत, त्यांतून टोपल्या, कोंबड्या, ट्रंका आणि मुंबईहून घरी निघालेली माणसं वरखाली होत. सकाळी मालवण आलं. पाण्यातला किल्ला उन्हात ओला दिसत होता. मी ह्यांना हलवून उठवलं. ते एक डोळा उघडून म्हणाले, “तू बघ आणि मला सांग.” मग मी बुरूज न् बुरूज सांगितला. एवढं सलग मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले.

वेंगुर्ल्याला धक्क्यावर पाय ठेवल्यावर आधी नाकाला कळलं की गाव काजूचं आहे. भाजलेल्या बियांचा धूर घशात बसतो. खानावळीत सोलकढी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं मिळालं. ह्यांनी सोलकढीचे तीन पेले घेतले आणि रंगावर आले. पुढे एसटीने शिरोडा, तिथून बैलगाडी. भात कापून झालेलं होतं, मोकळ्या कुणग्यांत, म्हणजे भाताच्या वाफ्यांत, कुळीथ हिरवा दिसत होता आणि काजूला मोहोर धरू लागला होता. (हल्ली जाणाऱ्यांनी रेल्वेने कुडाळला उतरावं, तिथून वेंगुर्ले-शिरोड्याकडे गाड्या मिळतात. बैलगाडीपेक्षा लवकर पोचाल, पण आमच्यासारखं गाडीवानाच्या चार पिढ्यांची माहिती घेऊन उतरणार नाही.)

पास्कू मास्तर अंगणात उभे होते. काटक, उंच, पांढरा सदरा, पायांत पॉलिश केलेले जुने बूट. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग ह्यांच्या मागे पाहिलं. “माका वाटला कोण म्हातारो येतलो,” ते म्हणाले. ह्यांचं वय तेव्हा सव्वीस, दिसायचे वीसचे. मग मास्तरांना आपण शाळामास्तर असल्याची आठवण झाली असावी, कारण पुढचं सगळं ते शुद्ध मराठीत बोलले. त्यांची बायको रोझीबाय त्या मानाने सरळ होती. मी मासे खात नाही म्हटल्यावर तिने हातातली पळी खाली ठेवली. “मासे खाणंस नाय तर जगतंस कशी गो?” तिने खरंच काळजीने विचारलं. पडवीतली एक खोली आणि वेगळी चूल तिने मला दिली. तरी रोज काहीतरी माझ्या पानात यायचंच, तांदळाची भाकरी नाहीतर नारळाच्या रसातली अळसांद्यांची उसळ.

चर्च म्हणजे कौलारू, चुन्याने रंगवलेली एक लांब खोली होती. पेटी भिंतीला टेकून होती. ह्यांनी मागची फळी काढली आणि आत उंदराचं घर निघालं, गाण्यांच्या वह्या कुरतडून केलेलं. पितळी सुरांवर, म्हणजे ज्यांतून आवाज निघतो त्या पट्ट्यांवर, हिरवी बुरशी चढली होती. भात्याचं कापड जागोजाग गेलं होतं. ह्यांनी बराच वेळ आत डोकं घालून पाहिलं आणि मास्तरांना सांगितलं की हातात सहा दिवस आहेत, पाच पुरतील. ह्यांना खोटं बोलता येत नसे. मास्तर बाकावर बसले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून नुसतेच हात पुसले.

त्यांच्या मनात काय होतं ते मला त्याच संध्याकाळी रोझीबायने चुलीपाशी सांगितलं. वेंगुर्ल्याहून येणाऱ्या पाद्रींना नाताळात बऱ्याच ठिकाणी जावं लागे. मध्यरात्रीची प्रार्थना मोठ्या चर्चमध्ये होई आणि या वाडीची सकाळी. तीन वर्षं इथे पेटी नव्हती, गाणी विसकटायची, अर्धी माणसं गप्प बसायची. मग पाद्रींनी सांगून टाकलं होतं की असंच चालणार असेल तर पुढच्या वर्षापासून सगळ्यांनी वेंगुर्ल्यालाच यावं. “पेटी वाजली नाय तर पाद्री पुढच्या वर्साक हंय येवचो नाय,” ती म्हणाली. वाडीत चालता न येणारी म्हातारी माणसं बरीच होती. आणि मास्तर चाळीस वर्षं ती पेटी वाजवत आले होते, हे ती बोलली नाही, पण तिच्या बोलण्यात ते होतं.

मग आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणते, कारण दुसऱ्या दिवशी स्वयंपाक आटोपून मी नुसती बघायला गेले आणि ह्यांनी माझ्या हातात ब्रश दिला. एकेक सूर काढायचा, त्याच्या जागेचा आकडा कागदावर लिहायचा, बुरशी घासायची आणि सुपात ओळीने मांडायचा. रोझीबायच्या सुपात त्या पेटीचा सगळा गळा होता. हे सरस तापवून भात्याला नवीन कापड लावत. तिसऱ्या दिवसापासून सूर मिळवायचं काम आलं. त्यासाठी कुणीतरी भाता सारखा मारत राहायला लागतो, म्हणजे मीच. सारखा म्हणजे अगदी एका चालीने, जोर कमी नाही, जास्त नाही. चुकले की हे ओरडत नसत, नुसते थांबत. त्या थांबण्याचीच मला भीती बसली आणि मी लवकर शिकले. एका सुराला ते तासभर घासत बसले, तेव्हा मी विचारलं, “काय फरक पडला?” त्यांनी अजून न मिळवलेला एक आणि हा, असे दोन्ही सूर मला पुन्हा पुन्हा वाजवून दाखवले. पाचव्यांदा मला फरक ऐकू आला. ते इतके खूश झाले की बिडी प्यायला बाहेर गेले.

संध्याकाळी त्याच खोलीत गाण्याची तालीम चाले, त्यामुळे नाताळाची एक सोडून सगळी गाणी मी नाताळाआधीच पाठ केली. मुख्य तीन. पहिलं फेलिक्सचं. हा मास्तरांचा पुतण्या मुंबईत बेकरीत होता आणि सुट्टीवर येताना एक इंग्रजी गाणं घेऊन आला होता, टाळ्या वाजवत म्हणायचं. पहिल्या दिवशी मला ते फार आवडलं. पोरी हसत म्हणत आणि पाय आपोआप हलत. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापताना त्याच तालावर थापतेय असं लक्षात आलं. पाचव्या दिवशी फेलिक्स लांबून येताना दिसला तरी मी घरात जाई.

दुसरं मास्तरांचं लॅटिन गीत. ते त्यांना त्यांच्या गुरूने शिकवलेलं होतं आणि त्याशिवाय नाताळ होत नाही असं त्यांचं म्हणणं. माझ्या आयुष्यात मी इतकं लांब गाणं ऐकलं नाही. एकेक अक्षर ताणत न्यायचे, रोझीबायची करंजीसारखी नेवरी तळून होई तरी शब्द संपलेला नसे. फेलिक्सने एकदा सुचवलं की मधली दोन कडवी गाळू. मास्तरांनी गाणं पहिल्यापासून सुरू केलं.

तिसरं रोझीबायचं. ते तालमीत कधी झालंच नाही. कुणी म्हटलं तर ती सांगे, “येता माका, शिकूचा काय?”

आदल्या दिवशी दुपारी पेटी पूर्ण झाली. मास्तरांनी बूट पुसले, बाकावर बसले आणि दोन्ही पाय पायपट्ट्यांवर ठेवले. पहिला सूर आला तेव्हा बाहेर नाताळाचा कागदी तारा बांधणारी माणसं हातातले बांबू तसेच धरून दारात आली. मास्तर अर्धा तास वाजवत होते. आणि मग खाली काहीतरी तुटल्याचा आवाज आला. डाव्या पायपट्टीची लोखंडी बिजागरी आतून गंजलेली होती, ती मोडली. ह्यांनी भाता, कापड, सूर सगळं तपासलं होतं, बिजागरी वरून रंगवलेली असल्याने राहून गेली.

जवळचा लोहार रेडीत. फेलिक्स सायकलवर जाऊन आला. लोहार गावाला गेला होता, नाताळानंतर येणार होता. एका पायाच्या वाऱ्यावर पेटी वाजत होती, पण दम लागलेल्या माणसासारखी. मास्तरांनी झाकण लावलं, त्यावर कापड टाकलं आणि घरी गेले. ह्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. भिंतीला पाठ लावून ते खाली बसले आणि म्हणाले, “माझ्या हातून राहिलं.”

मला सुचलं ते काही हुशारीने नाही. तीन दिवस मी तोच भाता मारला होता, मागची फळी उघडी असताना तो कसा उघडझाप करतो ते पाहिलं होतं. डाव्या भात्याचा पट्टा पाय खाली ओढतो, तो मागून हातानेही ओढता येईल की. मी ते बोलून गेले. ह्यांनी वर पाहिलं, मग उठून पट्ट्याला सुंभाची मूठ बांधली आणि मला मागे बसवलं. पेटी पूर्ण आवाजात वाजली. गायकांपैकी कुणाला बसवावं असं आधी ठरलं, पण एकालाही ती चाल जमेना आणि गाणारे आधीच मोजके. शेवटी हे मास्तरांकडे गेले. हिंदू बाई पेटीमागे बसली तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले की देवाला पेटीची पुढची बाजू दिसेल.

सकाळी आठला पाद्री आले. पेटी भिंतीपासून दोन हात पुढे ओढून मागे पाट मांडला होता आणि बाजूने चादर सोडली होती. मी आणि हे त्या फटीत. एखादा सूर अडकला तर सोडवायला हे लागणार होते. मला दिसत होतं ते एवढंच, भात्याचं कापड आणि लाकडांमधून मास्तरांचा उजवा बूट.

फेलिक्सचं गाणं सोपं गेलं. तालावर ओढायचं, तालावर सोडायचं. एवढ्या दिवसांनी मला ते पुन्हा थोडं आवडलंसुद्धा. मग लॅटिन सुरू झालं. लांब सुराला वारा सतत लागतो, दम घ्यायला जागाच नाही. दुसऱ्या कडव्याला माझे दंड भरून आले. तिसऱ्याला बोटं सुंभाला चिकटल्यासारखी झाली. चौथ्या कडव्यात मास्तरांचा बूट मंदावला. थरथरला, पुन्हा खाली गेला, मग नुसता टेकून राहिला. त्यांच्या पायातलं बळ संपलं होतं आणि हात मात्र वर वाजवतच होते. आता सगळा वारा माझा. एकदा माझा हात निसटला आणि सूर विहिरीत पडल्यासारखा खाली गेला. बायकांनी आवाज वाढवून तो झाकला. ह्यांनी माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हटलं, “आणखी एक कडवं. तू चुकत नाहीयेस.” मी डोळे मिटून ओढत राहिले. मनात त्या गाण्याला, ते रचणाऱ्याला, मास्तरांच्या गुरूला मी काय काय म्हटलं ते देवाच्या घरात म्हणायचं नव्हतं.

ते संपलं. पुढचं गाणं रोझीबायचं होतं. मास्तरांनी तिला सूर द्यायला पट्टीवर बोट ठेवलं असावं, कारण तिचा आवाज आला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. “पेटी नको. बाळ जागा होयत.”

आणि तिने नुसत्या गळ्याने अंगाई म्हटली. कोकणी सगळी कळली नाही, पुढे तिनेच अर्थ सांगितला. आई बाळाला म्हणते की तुझा बाप लाकडं शोधायला गेलाय, वारा वाईट आहे, बैलाच्या बाजूला सरक, त्याचा श्वास ऊन आहे. देव, राजा, असा शब्दही नाही त्यात. तिने ती आपल्या आईकडून घेतली होती. आई तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोव्यात होती, नाका बंद झाल्यापासून तिची भेट नव्हती. मी फळीला डोकं टेकून ऐकत होते. हात मांडीवर उघडे पडले होते, सुंभाने तळव्यांची साल निघाली होती. ह्यांनी माझा एक हात उचलला, आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि गाणं संपेपर्यंत हलकेच चोळत राहिले. चादरीपलीकडे अख्खी वाडी होती. घरी सात माणसांत त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

प्रार्थनेनंतर पाद्री म्हणाले की वेंगुर्ल्याच्या पेटीपेक्षा हिचा आवाज भरीव आहे आणि पुढच्या वर्षी आपण इथे सकाळी थोडं लवकरच येऊ. मास्तरांनी मान डोलावली. मग अंगणात नेवऱ्या, नारळ-गुळाचं दोदोल आणि फेलिक्सने बेकरीतून आणलेला केक, अंडं असेल म्हणून मी तो नुसता हातात धरून हिंडले.

चार दिवसांनी लोहार आला. आम्ही दोघं रेडीला चालत गेलो. तो बिजागरी घडवेपर्यंत यशवंतगडावर जाऊन बसलो. तटांतून झाडं उगवलेली, खाली बंदरात लोहखनिज भरायच्या होड्या, सगळी वाट तांबडी. चढ फार नाही, पण पाणी बरोबर न्या. तिथे मी ह्यांना विचारलं, तुम्हाला कोणतं गाणं आवडलं? मला वाटलं अंगाई म्हणतील. ते म्हणाले, “लॅटिन.” मी माझे तळवे त्यांच्यापुढे धरले. ते ओशाळले, पण बदलले नाहीत. त्या एका गाण्यात खालपासून वरपर्यंत प्रत्येक सूर येतो, म्हणाले, आणि इतका सावकाश येतो की आपण केलेलं काम एकेक करून ऐकता येतं. यावर आम्ही गडावरून वाडीपर्यंत भांडलो. आमचं पहिलं भांडण.

बिजागरी बसली, मास्तरांनी दोन्ही पायांनी पेटी वाजवून पाहिली. “मेस्तानू, पेटी बरी झाली,” ते ह्यांना म्हणाले. “पण माझो पाय म्हातारो झालो, तेका काय करतलात?” ह्यांनी पायपट्ट्यांचा ताण थोडा हलका करून दिला. परतताना बोटीचं नाव काढू नकोस असं हे म्हणाले, म्हणून सावंतवाडी, आंबोली घाट, कोल्हापूर आणि पुढे रेल्वे असे आलो. लांब पडतं, खर्चही जास्त, पण घाटात गाडी थांबते तिथला चहा घ्या.

पुढच्या वर्षी गोवा मुक्त झाला. जानेवारीत मास्तरांचं पत्र आलं की रोझी खाडी ओलांडून आईकडे आठवडाभर राहून आली. वाडीत पाद्री आले होते, पेटी वाजली, मधली कडवी गाळलेली नाहीत.

गिरगावात आमच्या मागच्या ख्रिस्ती वाडीतून दर डिसेंबरात गाणी ऐकू येत. फेलिक्सचं गाणं आता दुकानादुकानांत लागतं, मी पुढे सरकते. रोझीबायची अंगाई पुन्हा कुठेच ऐकली नाही. गोव्याच्या शेजारणींना विचारलं, कुणाला माहीत नव्हती. चाल मला येते, ती मी माझ्या दोन्ही मुलांना शब्दांशिवाय म्हटली. लॅटिनवरून आम्ही पन्नास वर्षं भांडलो. ते कुठून ऐकू आलं की हे हातातलं काम थांबवत आणि मी मुद्दाम भांडी वाजवी.

हे गेले त्या वर्षी नाताळात मी जवळच्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसले. तिथे अजून काही जण जुनी लॅटिन गाणी म्हणतात. मास्तरांचं ते गीत सुरू झालं तेव्हा मी हात मांडीवर ठेवले आणि ह्यांनी सांगितलं होतं तसं एकेक सूर ऐकायचा प्रयत्न केला, खालचा, मग त्यावरचा. बरेच ऐकू आले. गाणं मात्र मला अजूनही फारच लांब वाटलं. मी शेवटच्या कडव्यापर्यंत बसले.